पांदणीसाठी रोल्स-रॉइस कशी निवडावी

कापूस मोजून झाला, भावावरून शिव्या देऊन झाल्या, आता चुकारा हातात आहे आणि पोरगं मोटारसायकलसाठी रुसून बसलं आहे. राजेहो, त्याच्या नादी लागू नका. घ्यायचीच तर रोल्स-रॉइस घ्या.

हिशेब सोपा आहे. बॅटरीवरची स्पेक्टर २०२४ च्या जानेवारीत भारतात आली तेव्हा किंमत होती साडेसात कोटी. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० रुपये. चार एकर कोरडवाहू, एकरी पाच क्विंटल धरा. ५३५ व्या वर्षी गाडी दारात. बियाणं, फवारणी, वेचाईची मजुरी मध्ये आणू नका, हिशेब बिघडतो. आणि बोंडअळीला आधीच सांगून ठेवा.

घराणं कसं आहे, असं सोयरे विचारतीलच. हेन्री रॉइस गिरणीवाल्याचा पोरगा, लहानपणी पेपर विकलेला. फ्रेंच गाडी घेतली, ती मनासारखी चालेना, म्हणून स्वतःच बनवायला बसला. आपल्या वेल्डिंगवाल्याच्याच जातकुळीचा माणूस. चार्ल्स रोल्स मात्र बड्या बापाचा. १९०४ साली मँचेस्टरच्या एका हॉटेलात दोघांची गाठ पडली. पुढे १९१० मध्ये रोल्स विमान कोसळून गेला. नाव तेवढं पुढे राहिलं, राबला रॉइस. १९७१ मध्ये विमानाच्या इंजिनापायी कंपनीचं दिवाळं वाजलं, तेव्हा सरकारनं ती ताब्यात घेऊन वाचवली. हे उदाहरण सोसायटीच्या सचिवाला जरूर सांगा. तो चहासुद्धा पाजणार नाही.

१९९८ चा व्यवहार तर आपल्या तलाठ्यालाही झेपला नसता. क्रू गावचा कारखाना फोक्सवॅगननं घेतला आणि गाडीचं नाव गेलं बीएमडब्ल्यूकडे. वहिवाट एकाची, सातबारा दुसऱ्याचा! शेवटी २००३ पासून बीएमडब्ल्यूनं गुडवूडला नवा कारखाना घालून गाड्या काढल्या.

आता मॉडेलं. फँटम म्हणजे भूत, घोस्ट म्हणजे भूत, स्पेक्टर म्हणजेही भूतच. आवाज न करता येते म्हणून अशी नावं. चिंचेखालच्या वळणावर अमावस्येला गाडीचं नाव कोणी विचारलं तर नुसतं ‘गाडी’ म्हणा.

स्पेक्टरची बॅटरी घरी चार्ज होते. तुमच्याकडे थ्री फेज रात्री येते, तेव्हा आधी मोटार की आधी गाडी, एवढंच भावाभावांत ठरवून घ्या. वजन जवळपास २,९०० किलो. चाक कितीही फिरलं तरी त्याच्या मधली अक्षरं सरळ उभी राहतात म्हणे. जुलैच्या काळ्या मातीत चाकच फिरणार नाही, तेव्हा ही सोय तुम्हाला फुकट पडली.

माझं मत विचाराल तर कलिनन. दक्षिण आफ्रिकेत १९०५ साली सापडलेल्या हिऱ्याचं नाव, १२ सिलिंडरचं ६.७५ लिटर इंजिन. पण खरी गंमत डिक्कीत आहे. जादा पैसे मोजले की तिथून कातड्याच्या दोन खुर्च्या आणि मधे टेबल बाहेर येतं, तोंड मागं करून. साहेबलोक त्यावर बसून घोड्यांचे खेळ बघतात. तुम्ही धुऱ्यावर लावा आणि जागल करा. रोही आला, डुकरं आली, बसल्या जागेवरून हाकला. शेजारच्या काकांना हे सगळं समजावून सांगितलं. ते खर्रा घोटत म्हणाले, “ते असू दे बापू, डिक्कीत युरियाचे पोते किती मावतेत?”

गाडीच्या कुशीवरची बारीक रेघ हातानं ओढतात, खारीच्या केसांच्या कुंचल्यानं. ते काम करणारा माणूस आधी पाट्या रंगवायचा. आपल्याकडे बैलांची शिंगं रंगवणाऱ्याला पोळ्याच्या दिवशी चहा आणि वीस रुपये मिळतात, एवढाच काय तो फरक.

पोळ्यावरून आठवलं. गाडी आली की पहिल्या वर्षी तोरणाखाली न्यालच. झूल घाला, बॉनेटवरच्या पंखवाल्या बाईच्या पुतळीला बेगड लावा, आदल्या संध्याकाळी हळद-तूप चोळून आवतणही द्या. फक्त दारं उघडी ठेवू नका. आतल्या सीटा बैलाच्या कातड्याच्या असतात. गाईचं कातडं ते घेत नाहीत, गाभण राहिली की त्यावर रेघा उमटतात म्हणून. शेजारी तुमचीच जोडी उभी असेल.