लिंबाच्या झाडाला पाणी

आज दुपारी इकडे मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटला एका वाढदिवसाला गेले होते. काल संध्याकाळी फुटस्क्रेला तिथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबच्या (आताचं नाव वेस्टर्न बुलडॉग्ज) जुन्या चाहत्यांची आठवणींची बैठक झाली, तिचे दोन फोटो मी ग्रुपवर टाकले होते. त्यावरून विषय निघाला. प्लेट हातात धरून एक गृहस्थ म्हणाले, "ताई, तुम्ही त्या म्हाताऱ्यांच्या रडगाण्यात कशाला जाता? आणि 1989 ला तो क्लब विलीन झाला असता तर काय बिघडलं असतं? कंपन्या होतातच की मर्ज."

चारचौघांत वाद नको म्हणून गप्प बसले. घरी आले, भांडी घासली, तरी डोकं शांत होईना. म्हणून इथे लिहितेय. लांब होईल, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढे जावं.

काय बिघडलं असतं ते सांगते.

वेस्ट फुटस्क्रेला आम्ही घर घेतलं तेव्हा पहिल्याच रविवारी शेजारचे काका कुंपणावरून पिशवीभर लिंबं घेऊन आले. काका म्हणजे गोरेच, जन्म फुटस्क्रेचा, उभी हयात टायरच्या कारखान्यात गेलेली. माझी मुलगी त्यांना काका म्हणायला लागली आणि तेही त्या हाकेला ओ द्यायला लागले. त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न, "तुमची टीम कुठली?" मी म्हटलं, अजून कुठलीच नाही. ते म्हणाले, या गल्लीत राहायचं तर ती अडचण आजच सुटली समजा. दुसऱ्या दिवशी काकूंनी विणलेला लाल-पांढरा-निळा स्कार्फ आमच्या दारावर लटकत होता.

आता 1 ऑक्टोबर 2016. ग्रँड फायनल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, समोर सिडनीचा क्लब. एमसीजीवर 99,981 माणसं आणि आमची अख्खी गल्ली टीव्हीसमोर. शेवटचा क्वार्टर, म्हणजे सामन्याच्या चार भागांतला चौथा, सुरू झाला आणि काका घरातून उठून परसात गेले. पाइप सोडला आणि लिंबाच्या झाडाला पाणी घालत उभे राहिले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, ज्या दिवसाची बासष्ट वर्षं वाट पाहिली तो दिवस समोर चालू असताना टीव्हीकडे पाठ करून झाडाला पाणी घालतोय. मी आमच्या खिडकीतून स्कोअर ओरडून सांगत होते. ते नुसती मान हलवत होते.

त्या गृहस्थांना हे रडगाणं वाटतं. वाटू दे. पण तो माणूस झाडापाशी का उभा होता ते समजून घ्या आणि मग मर्जरच्या गप्पा मारा.

1954 साली काका नऊ वर्षांचे होते. वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी फुटस्क्रेची मोठ्या लीगमधली पहिली प्रिमियरशिप, म्हणजे विजेतेपद, पाहिली. चार्ली सटन कर्णधारही आणि प्रशिक्षकही, जॅक कॉलिन्सचे सात गोल, आणि मेलबर्न क्लबला 51 गुणांनी हरवलं. एकवीस वर्षांचा टेड व्हिटन त्या संघात होता, फुटस्क्रेचाच पोरगा. काकांच्या वडिलांनी त्या रात्री सांगितलं होतं म्हणे, की आता दरवर्षी जाऊ. 1961 ला पुन्हा फायनल गाठली, हॉथॉर्न क्लबकडून हरले. त्यानंतर वडील गेले, काकांचे केस पिकले, पण पुढची फायनल काही येईना.

मेलबर्नचा हा पश्चिम भाग म्हणजे कातड्याचे, दोरखंडांचे, टायरचे, दारूगोळ्याचे कारखाने. नदीपलीकडच्यांनी नाक मुरडून बोलायची वस्ती. 1925 मध्ये फुटस्क्रेला मोठ्या लीगमध्ये घेतलं, तेही 1924 ला चॅरिटीच्या सामन्यात लीगच्या विजेत्या एसेंडनला हरवून दाखवल्यावर. मी लालबागची आहे. माझे वडील गिरणीत होते. एखाद्या वस्तीकडे कोणी नाक मुरडतं तेव्हा वस्तीतल्या माणसाच्या पोटात काय होतं ते मला पुस्तकातून वाचावं लागत नाही.

तर 1989. ऑक्टोबर महिना. क्लबच्या लोकांनी सकाळी बातमी ऐकली की आता आपला क्लब नाही, मेलबर्नच्याच फिट्झरॉय क्लबबरोबर विलीन होणार, नाव "फिट्झरॉय बुलडॉग्ज". सभासदांना कुणी विचारलं नाही. क्लब कर्जात होता, बुडत होता, हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण ज्यांनी वर्षानुवर्षं वाऱ्यापावसात उभं राहून तिकिटं काढली त्यांना एका शब्दाने विचारायचं नाही?

मग आयरीन चॅटफील्ड नावाची एक साधी चाहती थेट व्हिक्टोरिया राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेली. पीटर गॉर्डन हा पश्चिमेतलाच वकील लढ्याच्या पुढे उभा राहिला. कोर्टाकडून मुदत मिळाली. साधारण तीन आठवड्यांत पंधरा लाख डॉलर उभे करायचे होते. वेस्टर्न ओव्हल या क्लबच्या मैदानावर सभा भरली, लोक डबे घेऊन स्टेशनवर, दुकानांपुढे, दारोदारी फिरले. काल बैठकीत एक आजी बोलल्या. त्यांच्या नवऱ्याची नोकरी त्याच वर्षी गेली होती, तरी तो रोज संध्याकाळी बिस्किटांचा डबा घेऊन निघायचा. आजी म्हणाल्या, घरात पैसे नव्हते, पण डब्यातलं एक नाणंही इकडचं तिकडे झालं नाही. एवढं बोलून त्या खाली बसल्या. हॉलमध्ये कुणाला पुढे बोलवेना.

हे रडगाणं? अहो दादा, हा हिशेब आहे! बँकेला जो जमला नाही तो हिशेब त्या डबेवाल्यांनी जमवला. आज तुम्ही तुमच्या मुलाला ज्या क्लबची टोपी घालून वाढदिवसाला फिरवत होतात (हो, मी पाहिली), तो क्लब त्या डब्यातून आलाय.

पंधरा मिनिटं उठून चहा केला. आता जरा शांतपणे लिहिते.

एक गोष्ट मला बोचते, ती कबूल करायला हवी. 1989 ला विलीनीकरण झालं असतं तर फिट्झरॉयचं नाव कदाचित अजून मेलबर्नमध्ये राहिलं असतं. ते एकटे पडले, आणि 1996 ला त्यांना ब्रिस्बेनच्या क्लबमध्ये विरघळून जावं लागलं. काकांना हे ठाऊक होतं. फिट्झरॉयच्या माणसापुढे ते कधी जिंकल्याची बढाई मारत नसत. सिडनीच्या लोकांशीही ते हळुवार बोलायचे, कारण सिडनी म्हणजे मुळात साउथ मेलबर्न, 1982 साली उचलून तिकडे नेलेला क्लब. 1982 म्हटलं की मला आमच्या गिरणीचं फाटक दिसतं. संपाचं वर्ष. वडील त्यानंतर त्या रस्त्याने कधी गेले नाहीत, लांबून वळसा घ्यायचे. तिथे आता काचेच्या इमारती आहेत. वडिलांच्या गिरणीच्या आठवणी ऐकायला कुणी हॉल घेतला नाही, म्हणून काल मी मागच्या रांगेत बसून परक्या माणसांच्या आठवणी ऐकत रडत होते. आता कळलं असेल मी का जाते.

परत झाडाकडे येते.

काका शेवटचा क्वार्टर बघत का नसत? 1997 मुळे. फायनलच्या अलीकडचा सामना, समोर अॅडलेड. मध्यंतराला आपण पाच गोलांनी पुढे. काका एमसीजीवर होते. इथला खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी: मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या आखूड खांबाच्या आतून गेला तर एकच. शेवटच्या काही मिनिटांत आपल्या टोनी लिबराटोरेने मारलेला चेंडू गोल झाला असं समजून तो नाचायला लागला, काकांनी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. पंचाने एकच बोट दाखवलं. आपण दोन गुणांनी हरलो. दोन! त्या अनोळखी माणसाचा हात काकांच्या खांद्यावर तसाच राहिला होता म्हणे. त्या दिवसापासून शेवटच्या क्वार्टरला काका परसात. 1998 ला परसात, 2008, 2009, 2010 ला परसात. सगळ्या वेळी फायनलच्या दारातून परत. त्या झाडाला फुटबॉलच्या दुःखावर लिंबं लागायची असं काकू म्हणतात.

एवढं होऊन माणसं सोडून का गेली नाहीत? 1996 ला पोर्ट अॅडलेड क्लबने आपल्या ख्रिस ग्रँटला भरपूर पैसे देऊ केले होते. एका लहान मुलाने त्याला पत्र पाठवलं, राहा म्हणून, आणि सोबत वीस सेंटचं नाणं. ग्रँट राहिला. 341 सामने खेळला याच जर्सीत. आता म्हणा, नाण्यासाठी कोण राहतं, त्याची इतर कारणं असतील. असतील. पण फुटस्क्रेत ते नाणंच सांगितलं जातं, आणि मीही माझ्या मुलीला तेच सांगणार.

मला क्लबचाही राग आहे, तोही लिहून टाकते. 1996 च्या शेवटी नावातून फुटस्क्रे काढून "वेस्टर्न" केलं. म्हणे सगळा पश्चिम भाग आपलासा वाटावा. हिशेबाने बरोबर असेल, ट्रुगनिना-टार्नीटचे आपले देशी लोक त्याच "वेस्टर्न"मध्ये मोडतात हेही खरं. तरी काका मरेपर्यंत फुटस्क्रेच म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून ऐकून माझ्याही तोंडात तेच बसलं.

2016 ला तो शेवटचा क्वार्टर. आपल्या टॉम बॉइडने लांबून मारलेला चेंडू टप्पे खात खात गोलात गेला तेव्हा मी खिडकीतून जे ओरडले त्याचा अर्थ कुठल्याच भाषेत नव्हता. काकांच्या हातातला पाइप खाली पडला. पाणी तसंच वाहत राहिलं. भोंगा वाजला, 22 गुणांनी जिंकलो, आणि काका तिथेच झाडाला धरून उभे. काकू गेल्या नाहीत त्यांच्याजवळ. मला म्हणाल्या, राहू दे, तो वडिलांशी बोलतोय.

मग टीव्हीवर प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजने गुडघा दुखावल्यामुळे खेळू न शकलेल्या कर्णधार बॉब मर्फीला मंचावर बोलावून स्वतःचं पदक त्याच्या गळ्यात घातलं. तेव्हा काका आत आले, चिखलाच्या बुटांनीच. दुसऱ्या दिवशी ओव्हलवर हजारोंची जत्रा लोटली होती, आम्हीही होतो. तिथे जाण्याआधी काका आम्हाला घेऊन स्मशानभूमीत गेले आणि वडिलांच्या थडग्यावर स्कार्फ बांधून आले. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. तिने मला विचारलं, आजोबांना कळेल का? मी हो म्हटलं.

त्याच मुलीला काकांनी चेंडू कसा धरायचा, हातातून पायावर कसा सोडायचा ते शिकवलं, याच परसात. 2018 ला आपल्या मुलींच्या संघाने ब्रिस्बेनला सहा गुणांनी हरवून प्रिमियरशिप जिंकली तेव्हाही काका शेवटचा क्वार्टर झाडापाशीच. या वेळी स्कोअर माझी लेक ओरडत होती.

काका जाऊन दोन वर्षं झाली. काल बैठकीत काकूंना बोलायला सांगितलं तेव्हा त्यांनी 1954 नाही, 1989 नाही, फक्त लिंबाच्या झाडाचं सांगितलं. लोक हसले आणि लगेच डोळे पुसायला लागले, कारण प्रत्येकाच्या घरात तसं एक माणूस होतं. कुणाचा बाप गाडीत रेडिओ बंद करून बसायचा, कुणाची आई इस्त्री काढायची.

त्या गृहस्थांवरचा राग आता उतरलाय. नवीन आलेत, घराचे हप्ते आहेत, शनिवारी वेळ कुठे मिळतो. पुढच्या बैठकीला मी त्यांना मुलासकट घेऊन जाणार आहे, टोपी घालूनच.

पुढच्या महिन्यात काकू महिनाभर लेकीकडे चालल्यात. झाडाला पाणी कोण घालणार म्हणून विचारत होत्या. मी घालणार आहे. शनिवारी सामना असला तर शेवटच्या क्वार्टरला मी तिकडे असेन, आणि लेक खिडकीतून ओरडून सांगेल.