मामा, स्टिम मार!

स्टारक्राफ्ट २ या अंतराळयुद्धाच्या गेममध्ये माणसांच्या बाजूला टेरन म्हणतात आणि टेरनांच्या साध्या पायदळ सैनिकाला मरीन. या मरीनसाठी एक इंजेक्शन आहे, स्टिमपॅक. कीबोर्डवर टी दाबलं की गडी चिलखतातल्या चिलखतात सुई टोचून घेतो, समाधानाने हुंकारतो आणि पुढचे ११ सेकंद दीडपट वेगाने पळतो, दीडपट वेगाने गोळ्या झाडतो. बदल्यात त्याचे १० हिट पॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, कापले जातात. मुळात असतात ४५. म्हणजे शत्रूने अजून तोंडही दाखवलेलं नसताना त्याने जिवाचा पाचवा हिस्सा, खरं तर थोडा जास्तच, खर्च करून टाकलेला असतो. तोही माझ्या हुकमावरून. "साहेब, खरंच गरज आहे का?" असं विचारणारा मरीन मला अजून भेटायचाय.

तर सुई त्याला, रक्त त्याचं. दमछाक मात्र माझी.

टी दाबेपर्यंत मी सेनापती असतो. सैन्य माझ्या नजरेच्या टप्प्यात चालतं, मी म्हणेन तिथे वळतं, थांब म्हटलं की थांबतं. टी दाबलं की तेच सैन्य दीडपट वेगाने धावू लागतं आणि मी त्या युद्धाचा प्रेक्षक होतो. कारण गेम बनवणाऱ्यांनी पळण्याचा वेग वाढवला, बंदुकीचा वेग वाढवला, पण खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बोटांसाठी काहीच ठेवलं नाही. या गेममध्ये एका मिनिटात तुम्ही किती हुकूम देता, त्याचा आकडा मोजतात; त्याला एपीएम म्हणतात. व्यावसायिक खेळाडूंचा हा आकडा तीनशेच्या वर सहज जातो. माझा पन्नाशीच्या आसपास रेंगाळतो. वयही तेवढंच आहे, त्यामुळे निदान लक्षात ठेवायला सोपं पडतं.

मला हे सगळं शिकवायचा विडा माझ्या भाच्याने उचलला आहे. तो माझ्या खुर्चीमागे उभा राहतो आणि शिकवण्याची त्याची एकच पद्धत आहे, ओरडणं.

"मामा, स्टिम मार! स्टिम मार!"

"आत्ता?"

"आत्ता नाही, मघाशी!"

बराच काळ मला वाटायचं की पोरगं उद्धट आहे. मग कळलं की ते अगदी बरोबर बोलतंय. स्टिम मारायची योग्य वेळ ही कायम मघाशीच असते. लांबून शत्रू दिसल्या दिसल्या मारली, तर अकरातले सात-आठ सेकंद नुसतं पोहोचण्यात जातात आणि ऐन टक्कर होते तेव्हा औषध उतरलेलं असतं. आपण १० पॉइंटांनी अशक्त झालेले मरीन समोरच्याच्या हवाली करतो. शत्रू अंगाशी भिडल्यावर मारली, तर पुढच्या रांगेत सुई टोचून घ्यायला कुणी शिल्लक नसतं. या दोन्हींच्या मधे एक सुवर्णक्षण असतो म्हणतात. कोरियातल्या मुलांना तो दिसतो. मला त्या क्षणी नकाशाच्या दुसऱ्या टोकाला माझ्याच बॅरॅकचं दार दिसत असतं, कारण नवे मरीन काढायला मी तिकडे गेलेलो असतो.

त्यात घाबरलेल्या बोटाची गोष्ट निराळीच. लिफ्ट येत नाही म्हणून काही माणसं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहतात, आणि संकटात माझी करंगळीसुद्धा त्या जातीची होते. आता लिफ्टला त्याचं काही वाटत नाही, पण मरीनला वाटतं. पहिल्या डोसचा अंमल चालू असताना दुसरा दिला तर आणखी १० पॉइंट कापले जातात, वेग मात्र होता तेवढाच राहतो. फार तर अकरा सेकंदांची मोजणी नव्याने सुरू होते. ४५ चे ३५, ३५ चे २५. समोरच्याने एक गोळी झाडलेली नाही आणि माझं सैन्य अर्ध्यावर आलेलं. असं युद्ध शत्रूने नुसतं बसून बघावं.

एक दया गेमने ठेवली आहे. ज्याच्याकडे १० किंवा त्याहून कमी पॉइंट उरलेत, त्या मरीनला सुई टोचता येत नाही. औषधाने माणूस मारायचा नाही, हा त्या विश्वातला एकमेव कामगार कायदा. बाकी त्याच विश्वात गुन्हेगारांचे मेंदू धुऊन त्यांना मरीन म्हणून भरती करतात, तेव्हा कायद्याबद्दल फार बोलू नये. माझ्या हाताखालचे सगळे इतके आज्ञाधारक का आहेत, हेही त्यावरून समजतं.

आता बेनलिंगकडे येऊ. झर्ग नावाची कीटकांसारखी जमात आहे, तिच्यात हा हिरवट, फुगलेला, गडगडत येणारा प्राणी असतो. येतो, फुटतो, आणि आजूबाजूच्या सगळ्यांवर ॲसिड उडवून मरतो. मरीनसारख्या हलक्या सैनिकाला त्याचा एक स्फोट ३५ पॉइंटांचा पडतो. आता मांडा हिशेब. ४५ पॉइंटांचा धडधाकट मरीन बेनलिंग अंगावर फुटूनही १० पॉइंटांवर जिवंत राहतो, कसाबसा. पण बेनलिंग आला म्हणून तुम्ही घाबरून टी दाबलं, तर त्याच्याकडे उरतात बरोबर ३५. एक स्फोट, खेळ खलास. शिल्लक शून्य. हा आकडा मुद्दाम असा ठेवला की योगायोगाने जमला, कोण जाणे. पण ज्याने ठेवला त्याला माणसाच्या घाबरण्याचा दांडगा अभ्यास असावा.

यावर उपाय दोन. एक, कॉम्बॅट शील्ड नावाची ढाल आधीच संशोधन करून ठेवायची, म्हणजे मरीनला १० पॉइंट जास्त मिळतात आणि सुईनंतरही ४५ राहतात. दुसरा उपाय शूरांचा. स्टिम मारायची आणि त्या वाढलेल्या वेगात मरीनांचे दोन दोन, तीन तीन असे तुकडे करून त्यांना दाही दिशांना पांगवायचं, म्हणजे एका स्फोटात एक-दोघंच सापडतात. ली जंग-हून नावाचा कोरियन खेळाडू याच कसबासाठी गाजला. त्याचं खेळातलं नावच मरीनकिंग. त्याची जुनी खेळी पाहिली तर मरीन पाण्यावर तेल पसरावं तसे पसरत जातात. माझे मरीनही पसरतात. फक्त ते बेनलिंग फुटल्यावर पसरतात, आणि द्रवरूपात.

माझं खरं दुखणं मात्र मेडिव्हॅक आहे. हे उडतं रुग्णवाहक विमान. सुईने गेलेले पॉइंट भरून काढायला तेच लागतं. वरून हिरवा झोत सोडतं आणि खालचा मरीन बरा होत जातो. कल्पना उत्तम. साध्या चालीत हे विमान मरीनपेक्षा किंचित वेगवान आहे. म्हणून सगळ्यांना एकत्र निवडून नुसतं "तिकडे जा" म्हटलं, तर डॉक्टर पुढे आणि पायदळ मागे अशी मिरवणूक निघते आणि पहिलं विमान शत्रूच्या डोक्यावर एकटंच पोचतं. बंदूक नाही, काही नाही. मग स्टिम मारली की उलटं होतं. मरीन दीडपट वेगाने पुढे निघून जातात आणि विमान मागे राहतं. म्हणजे जे औषध घेतल्यावर डॉक्टरची गरज लागते, तेच औषध रोग्याला डॉक्टरपासून पळवून नेतं. २०१३ साली आलेल्या गेमच्या विस्तारात या विमानांना काही सेकंद जोराने उडायची सोय दिली गेली. तिच्यासाठी वेगळी कळ आहे. झालं, आणखी एक कळ.

जुन्या जाणत्यांना माझ्या तक्रारी ऐकून हसू येतं. ते १९९८ च्या पहिल्या स्टारक्राफ्टमधून आलेले. तेव्हा मरीनकडे ४० च पॉइंट, सुईची किंमत मात्र तेव्हाही १०. आणि मूळ गेममध्ये डॉक्टरच नव्हता! झर्गांच्या जखमा आपोआप भरतात, प्रोटॉस या तिसऱ्या जमातीची ढाल आपोआप चढते. टेरन पायदळाचं एकदा गेलं की गेलं. त्याच वर्षाच्या अखेरीस विस्तार आला आणि त्याच्यासोबत मेडिक आली. तोवर टेरन सेनापती हा निव्वळ उधळ्या माणूस होता. शिवाय त्या गेममध्ये एका वेळी १२ च जण निवडता येत. साठ मरीनांना सुई द्यायची तर पाच तुकड्या. एक-टी, दोन-टी, तीन-टी, चार-टी, पाच-टी. लिम यो-ह्वान, ज्याला जग बॉक्सर म्हणून ओळखतं, तो एवढ्याशा सामग्रीवर मूठभर मरीन नाचवून मोठमोठ्या फौजा हरवायचा. मी ते व्हिडिओ बघितले आहेत आणि बघून झाल्यावर माझ्या दहा बोटांकडे जरा रागानेच पाहिलं आहे.

कधीकधी हे सगळं फारच काल्पनिक वाटतं, तेव्हा खरा इतिहास आठवावा. जर्मनीत १९३८ साली पर्विटिन नावाची गोळी बाजारात आली. आत मेथॲम्फेटामिन हे उत्तेजक. १९४० च्या एप्रिल ते जुलै या काळात जर्मन सैन्याला पर्विटिन आणि तिची बहीण आयसोफान मिळून साडेतीन कोटींहून जास्त गोळ्या पुरवल्या गेल्या. दोस्त राष्ट्रं तसलंच बेंझेड्रिन देत होती, म्हणजे सोवळं कुणीच नव्हतं. मला त्यातला सर्वात जवळचा वाटतो तो फिनलंडचा सैनिक आइमो कोइवुनेन. १९४४ साली स्कीवरून पळताना, मागे शत्रू लागलेला, याच्याकडे अख्ख्या तुकडीचा पर्विटिनचा साठा. जाड हातमोज्यांतून एकच गोळी निघेना, म्हणून पठ्ठ्याने सगळ्या तीस गिळल्या. तीस वेळा टी दाबलं! पुढे भ्रम, बेशुद्धी, बर्फात उपाशी भटकणं. सापडला तेव्हा वजन ४३ किलो आणि नाडी मिनिटाला २००. वाचला, आणि म्हातारपण पाहून गेला.

गेम खोटा कुठे आहे, तर इथे. सुईचा वेग पटतो, १० पॉइंटांची किंमतही पटते. पण बाराव्या सेकंदाला मरीन जसाच्या तसा ताजातवाना उभा असतो. डोळे तारवटलेले नाहीत, हात कापत नाहीत, नसलेला शत्रू दिसत नाही. ते सगळं खुर्चीत होतं. डाव संपल्यावर रात्री डोळा लागत नाही तो माझा.

शेवटी मी बाजू बदलली. झर्ग घेतले. म्हटलं, बघू तरी, पलीकडून हे औषध कसं दिसतं. भाचा टेरन. त्याला मामाला लवकर संपवून उठायचं होतं, म्हणून ढाल वगैरेंच्या भानगडीत न पडता तो स्टिम घेऊन थेट आला. मी बेनलिंग लोटले. त्याने टी दाबलं. ३५. एका ओळीत उभं असलेलं त्याचं सगळं सैन्य हिरवं झालं आणि मागे नुसतं डबकं राहिलं. मी आयुष्यात प्रथमच त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो आणि काहीही बोललो नाही. बोलायची गरज नव्हती.

पुढच्या डावात त्याने आधी ढाल घेतली, मग स्टिम, मग दोन मेडिव्हॅक आठ-आठ मरीनांनी भरून, ती जोराने उडायची कळ दाबून, माझ्या तळाच्या मागच्या अंगाला उतरवली. माझे बेनलिंग पुढच्या दारात राखणीला बसलेले. त्यांना मी मागे वळवेपर्यंत राखायला काही उरलंच नव्हतं.

"बेनलिंगना स्टिम का नाही रे देत?" मी विचारलं.

"त्यांना स्पीडचं अपग्रेड आहे ना, मामा," तो खुर्चीतून उठत म्हणाला. "पण मग त्यांच्यामागेही तुलाच पळावं लागेल."