‘ट्रिगर हलका करून दिला नाही’ या तक्रारीला दुकान मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार दिलात आणि लिहिलंत, की ३१५ बोअरची शिकारी रायफल ट्रिगर हलका करायला दिली, दुकानदाराने ती बरेच दिवस अडकवून ठेवली, चाप (ट्रिगर) ओढायला लागणारं वजन दोन पौंडांवर आणा म्हटलं तर नकार दिला आणि वर बिलही घेतलं. हेच काम दुसरीकडे कानस मारून दहा मिनिटांत होतं, असंही लिहिलंत. तुमचा राग मला समजतो. बेळगावजवळच्या खानापूरकडची निम्मी गिऱ्हाईकं माझ्याकडे हीच व्यथा घेऊन येतात. हाताशी आलेलं भात डुकरं एका रात्रीत लोळवतात आणि ऐन वेळी चाप जड लागतो. तरीही दोन पौंडांना मी तेव्हा नाही म्हटलं आणि आजही नाहीच म्हणेन. कारण इथे सविस्तर लिहितो, म्हणजे अशीच रायफल घरात असलेल्या बाकीच्यांनाही वाचता येईल.

रायफल आली तेव्हा तुमच्यासमोर बोल्ट (मागचा सरकता दांडा) काढला, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघितलं, बोट घालून चाचपलं, मॅगझिन बाजूला ठेवलं, बोल्ट परत बसवला आणि मगच ट्रिगरला ताणकाटा लावला. एकदा आठ पौंड, एकदा दहा, पुन्हा साडेआठ. प्रत्येक ओढीला आकडा बदलत होता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. स्प्रिंग कडक असती तर आकडा जड आला असता, पण दर वेळी सारखा आला असता. उघडल्यावर कारण सापडलं. वर्षानुवर्षं ओतलेलं तेल आत वाळून डिंकासारखं झालं होतं आणि त्यात भाताच्या तुसाची धूळ बसली होती. तेवढं धुऊन, सुकवून, अगदी बारीक तेलाचा हात दिल्यावर ट्रिगर सहा पौंडांवर आला, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास, आणि तिथे टिकला. या रायफलीची जात ली-एनफिल्डची, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या जुन्या रायफलीची. तिच्या ट्रिगरला दोन टप्पे असतात. आधी मोकळी ओढ, मग भिंत लागल्यासारखी अडचण, आणि त्यापुढे दाबलं की गोळी सुटते. फौजेच्या रायफलीतही तो दुसरा टप्पा पाच-सहा पौंडांच्या घरातच ठेवलेला असायचा.

आता कानशीबद्दल. तुमच्या रायफलीत वजन कमी करायला स्क्रू नाही. कॉकिंग पीस (गोळीवर आपटणाऱ्या पिनेचा मागचा भाग) सियरच्या, म्हणजे त्याला अडवणाऱ्या खिट्टीच्या, कडेवर अडलेला असतो आणि चाप ओढला की सियर खाली सरकून त्याला सोडतो. त्या दोन कडांची एकमेकींवरची पकड किती आणि कोणत्या कोनात आहे, यावर सगळं अवलंबून. कानस मारली की ही पकडच कमी होते. शिवाय त्या भागाचा फक्त वरचा पातळ थर कडक केलेला असतो. तो घासून काढला की खालचं मऊ लोखंड उघडं पडतं. पहिले काही दिवस ट्रिगर लोण्यासारखा चालतो आणि माणूस खूश होतो. मग कड झिजत जाते, आणि एक दिवस बोल्ट जोरात पुढे ढकलल्यावर चापाला बोट न लावता रायफल सुटते.

त्याहून मोठं कारण आपल्या पावसात आहे. या रचनेत ट्रिगर रायफलीच्या लोखंडी बॉडीला जोडलेला नसतो. तो चापाभोवतीच्या खालच्या गार्डमध्ये बसवलेला असतो, आणि गार्ड लाकडाला आवळलेला असतो. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात जूनपासून लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि उन्हाळ्यात आकसतं. लाकूड हललं की गार्ड हलतो, गार्डबरोबर ट्रिगर, आणि सियरशी असलेलं त्याचं अंतर बदलतं. मे महिन्यात बेतशीर बसवलेला ट्रिगर ऑगस्टमध्ये वेगळा लागतो. ब्रिटिशांनाही हा त्रास झाला होता, म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी ली-एनफिल्डच्याच नंबर ४ रायफलीच्या मार्क २ या सुधारित नमुन्यात ट्रिगर लाकडापासून सोडवून थेट बॉडीला टांगला. सहा पौंडांच्या ट्रिगरला हा बदल पचतो. दोन पौंडांवर, म्हणजे जेमतेम नऊशे ग्रॅमवर, आधीच केसभर राहिलेली पकड लाकडाच्या भरवशावर सोडणं मला मान्य नाही. रायफल जास्त दिवस राहिली तीसुद्धा याचमुळे. तुमचं लाकूड ओलं होतं. ते सावलीत सावकाश सुकल्याशिवाय घेतलेल्या मापाला अर्थ नव्हता.

सुकल्यावर जे तपासलं तेही सांगतो, कारण बिल त्याचंच आहे. रिकाम्या रायफलीचा बोल्ट पुन्हा पुन्हा जोरात बंद केला. दस्ता रबरी मॅटवर आपटला, रबरी हातोडीने सगळ्या बाजूंनी ठोकलं. सेफ्टी लावून चाप पूर्ण ओढला, सोडला आणि मग सेफ्टी काढली. ही शेवटची चाचणी सगळ्यात महत्त्वाची. सेफ्टी लावल्यावर कॉकिंग पीस किंचित मागे ओढला जातो आणि काढताक्षणी पुन्हा सियरवर येऊन बसतो. तिथे पकड अपुरी असेल तर सेफ्टी काढणं हेच चाप ओढणं ठरतं. तुमची रायफल या सगळ्यात एकदाही सुटली नाही.

नेमबाजी करणाऱ्या पुतण्याचा ट्रिगर पुण्याच्या बालेवाडी रेंजवर किती हलका आहे, हेही तुम्ही लिहिलंत. बरोबर आहे. स्पर्धेत दहा मीटर एअर पिस्तुलाला कमीत कमी मर्यादाच पाचशे ग्रॅमची आहे. पण रेंजवर नळी सदैव निशाण्याकडे असते आणि हुकूम झाल्याशिवाय कोणी भरत नाही. तुम्ही रात्री, खोळ पांघरून, ओल्या हातांनी माळ्याची शिडी चढता. खाली टॉर्च घेऊन घरचंच कोणीतरी उभं असतं. तिथे बोट चुकून लागलं तरी सुटणार नाही असाच ट्रिगर हवा.

मित्राच्या विलायती रायफलीच्या ट्रिगरला स्क्रू आहेत, असं तुम्ही लिहिलंत, तेही खरं. एक स्प्रिंगच्या ताणाचा, एक सियरच्या पकडीचा, एक सुटल्यानंतर ट्रिगर किती मागे जावा याचा. त्यातला फक्त पहिला, तोही कंपनीने दिलेल्या मर्यादेत, जाणकाराने फिरवावा. स्क्रू हलू नये म्हणून लावायचा डिंकही बेताने. २०१४ साली रेमिंग्टन या अमेरिकन कंपनीने मॉडेल ७०० च्या रायफली परत मागवल्या, त्या ट्रिगर जोडताना चिकटवणारा पदार्थ जास्त लागल्यामुळे. चाप न ओढता गोळी सुटण्याचा धोका होता.

एक कायद्याचंही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे शिकार बंद आहे, परवाना राखणीसाठी आहे. आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. दहा मिनिटांत कानस मारून देणाऱ्याकडे तो आहे का, एवढं विचाराच.

तुम्ही तिथून काम करून घेतलं असेल तर कृपा करून ती भरू नका, घरात भरलेली ठेवू नका. झिजलेला सियर बदलता येतो. रायफल रिकामी करून, बोल्ट वेगळा काढून, मूळ परवान्यासह दुकानात आणा. वर लिहिलेल्या सगळ्या चाचण्या तुमच्यासमोर करतो, त्याचे पैसे घेणार नाही. गणपतीनंतर लाकूड सुकू लागलं की पुन्हा एकदा माप घेऊ, तेही बिलाशिवाय.