टॉवेलाचा टवाळप्पा

सोसायटीच्या बैठकीत डुलकी काढू नये. एप्रिलमधल्या बैठकीत माझी मान एकदा खाली गेली आणि अध्यक्षांनी तो होकार समजून इतिवृत्तात लिहून टाकला. घरी आल्यावर मुलीकडून कळलं की मुलांच्या उन्हाळी शिबिरात शेवटच्या दिवशी मी हातबाहुलीचा खेळ करणार आहे. बाहुलीसुद्धा मीच घडवणार आहे म्हणे.

कोकणातल्या पिंगुळीचे ठाकर पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्या नाचवत आलेत. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या फक्त गुडघेदुखी आलीय. बाहुली म्हटलं की मला एकच आठवतो, अर्धवटराव. शब्दभ्रमकार यशवंत पाध्यांचा बोलका बाहुला, आणि पुढे टीव्हीवर रामदास पाध्यांच्या मांडीवर बसून त्यांनाच गप्प करणारा. ओठ न हलवता बोलणं मला नवं नव्हतं. ऑफिसात साहेबांची पाठ वळली की मी तेच करतो. पण अर्धवटराव पडला मांडीवरचा. मला हवा होता हातात घालायचा.

त्यातही दोन जाती निघाल्या. एक तीन बोटांची: तर्जनीवर डोकं, अंगठा आणि मधलं बोट हे तिचे दोन हात. ती टाळ्या वाजवते, नमस्कार करते, पण तोंड उघडत नाही. दुसरी तोंडाची: चार बोटं वरच्या जबड्यात, अंगठा खालच्या. मी पहिलीकडे झुकत होतो, तर मुलगी म्हणाली, "पप्पा, बोलणारीच करा. गप्प बसणारे तुम्ही आहात की घरात."

आता कापड. अमेरिकेतल्या बाहुलीकार जिम हेन्सनने 1955 मध्ये आपला तो जगप्रसिद्ध बेडूक, कर्मिट, आईच्या टाकून दिलेल्या कोटातून शिवला आणि पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून त्याचे डोळे केले. हे वाचून मी मोठ्या उत्साहात हिच्या कपाटाकडे वळलो. ही दारातच उभी राहिली. "अहो, चव्वेचाळीस अंशांच्या गावात कोट कुणाकडं असतो? आणि साड्यांना हात लावायचा नाही."

शेवटी आमचं सोलापूरच धावून आलं. आमच्या शेजाऱ्यांचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. त्यांनी सेकंडमधला एक टॉवेल दिला, म्हणजे विणताना कुठेतरी चूक झालेला. पिवळसर, गुबगुबीत, आणि एका काठाला कुठल्याशा परदेशी हॉटेलचं नाव विणलेलं. सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे बाहुला जन्माआधीच मानांकित झाला. टेरीचा एक मोठा गुण मला नंतर कळला. त्याच्यावरच्या सुताच्या फासांच्या गर्दीत शिवण दिसतच नाही, म्हणजे वाकडी शिवली तरी चालते. अवगुण मात्र कात्री लावल्याबरोबर कळला. आठवडाभर आमच्या आमटीत पिवळी लव निघत होती.

डोक्याला आतून अर्धा इंची स्पंज लावायचा होता. तो गादीवाल्याकडे मिळाला. चिकटवायला चपलांचं सोल्युशन. ते दोन्ही बाजूंना लावायचं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं आणि मगच दाबायचं. एवढा धीर माझ्याकडे असता तर मी बैठकीत जागाच राहिलो असतो. पहिल्या दिवशी बाहुल्याचं डोकं सोडून बाकी सगळं चिकटलं, त्यात मी होतो. जबड्यासाठी मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा घेतला, तो हाताच्या घामाने दुसऱ्या दिवशी सादळलेल्या पापडासारखा मऊ पडला. मग जुन्या रबरी स्लीपरचे दोन तुकडे कापले. इतका दणकट जबडा घरात दुसऱ्या कुणाचा नाही. नाव घेत नाही.

शिवायला पूर्व भागातल्या एका अक्कांकडे गेलो. त्या गेली तीस वर्षं ब्लाउज आणि गणवेश शिवतात. मी कागदावर काढलेला नमुना त्यांनी उलटा धरला, सुलटा धरला आणि टेप उचलला.

"माप कुणाचं घेऊ?"

"माप नाही अक्का. बाहुला आहे. आत फक्त हात गेला पाहिजे."

"मग बाही म्हणा की. डोकं हाय का ह्याला?"

"आहे. पण हात डोक्यातच जातो."

अक्कांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "घरी सगळं बरं हाय न्हवं?"

दोन दिवसांनी बाहुला तयार. शिवण एक नंबर. फक्त छातीवर डाव्या बाजूला एक खिसा होता. "मी खिसा नव्हता सांगितला," मी म्हणालो. "न सांगता लावलाय. गड्यामाणसाला खिसा पाहिजे की!" त्यांनी त्याचे पैसेही घेतले नाहीत, म्हणून मला भांडताही आलं नाही.

यानंतर बाहुला माझा उरला नाही. नाक मी जोंधळ्याच्या बोंडाएवढं केलं होतं. ही म्हणाली, "हे माझ्या भावाचं नाक आहे, बदला." मोठं केलं तर म्हणाली, "आता तुमच्या." ते तसंच राहिलं. केसांसाठी कारखान्यातलं उरलेलं सूत आणलं, पण त्या आठवड्यात मागावर पोपटी रंग चालू होता, म्हणून केस पोपटी. नाव मुलीने ठेवलं. टॉवेलाचा म्हणून टवाळ, आणि सिद्धप्पा-मल्लप्पांच्या गावात जन्मला म्हणून टवाळप्पा.

डोळ्यांनी मात्र माझा जीव खाल्ला. चेंडू कापला तर एक अर्ध जरा मोठं निघालं. बुबुळं म्हणून हिच्या काळ्या टिकल्या घेतल्या आणि बरोबर मधोमध लावल्या. टवाळप्पा एका डोळ्याने पंढरपूरकडे आणि दुसऱ्याने तुळजापूरकडे बघू लागला. खरी मेख अशी की बुबुळं किंचित नाकाकडे सरकवावी लागतात, तेव्हाच बाहुली आपल्याकडे बघतेय असं वाटतं. किंचित म्हणजे किती, हे कोणी सांगत नाही. एक मिलिमीटर सरकवलं की बेरकी, दोन सरकवलं की नुकताच कर्ज बुडवून आलेला. रात्री साडेअकराला ही उठून आली, हातातून चिमटा घेतला आणि दोन टिकल्या दोन सेकंदांत जागच्या जागी बसवल्या. तीस वर्षं आरशासमोर टिकली मध्यावर लावणाऱ्या बाईशी आपण स्पर्धा करू नये.

मग बोलण्याचा सराव. अनाडी माणूस बोटं वर उचलतो आणि बाहुलीचं टाळकं उडत राहतं. वरची बोटं स्थिर ठेवून अंगठा खाली पाडायचा, आणि प्रत्येक अक्षराला तोंड उघडायचं, मिटायचं नाही. मी नेमका मिटायचो, म्हणजे टवाळप्पा बोलायच्या ऐवजी शब्द खात सुटायचा. त्यात आमची बोली. पुण्याचा बाहुला "काय करतोस" म्हणून तीनदा तोंड उघडून मोकळा होतो. आमच्याला "काय करलालास बे" म्हणायला पाच वेळा उघडावं लागतं. अंगठा सुजला.

वेळ मिळेल तिथे रिकाम्या हाताने सराव चालू होता. एकदा सात रस्त्याच्या सिग्नलला स्कूटरवर बसून मी हाताची चोच उघडमीट करत होतो. शेजारचा रिक्षावाला बराच वेळ बघत होता. सिग्नल सुटता सुटता अगदी मायेने म्हणाला, "लई बडबड व्हय? घरची का हापिसातली?"

शिबिराचा दिवस मे महिन्यातला, जागा पत्र्याच्या शेडखाली. टेबलाला सोलापुरी चादर बांधून तिच्यामागे मी उकिडवा. गोष्ट स्वच्छतेवर होती, शिबिराच्या बाईंनी लिहून दिलेली. कपाळावरचा घाम पुसायला टॉवेल शोधला तर टॉवेल माझ्या हातात नव्हता, माझा हात टॉवेलात होता. पाच मिनिटं बरी गेली. मग उन्हाने टिकलीचा डिंक सुटला आणि डावं बुबुळ हळूहळू खाली सरकायला लागलं. मला चादरीमागून हे दिसत नव्हतं. मुलांना दिसत होतं. टवाळप्पा कचराकुंडीचं महत्त्व सांगता सांगता स्वतःच्या खिशात बघत होता.

"टवाळप्पा, खिशात काय हाय बे?" पहिल्या रांगेतून आवाज आला.

मी गोष्ट पुढे रेटली. "खिसा दाखव! खिसा दाखव!" सगळी शेड सुरू झाली. शेवटी डावा हात चादरीवरून वर काढून खिशात घातला, तर आत खरंच कागद होता. सरावाच्या दिवसांत बाहुला पलंगाच्या दांडीला टांगलेला असायचा आणि हिने तो खिसा वापरात काढला होता. इलाज नव्हता, टवाळप्पाने वाचायला सुरुवात केली. "तूरडाळ दोन किलो. शेंगदाणे एक किलो, मागच्या वेळचे खवट होते, दुकानदाराला सांगणे. ह्यांच्यासाठी गुडघ्याचं मलम." गुडघ्याच्या मलमाला जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या मला लग्नातही मिळाल्या नव्हत्या. स्वच्छतेचं तसंच राहिलं.

खेळ संपल्यावर मुलांनी टवाळप्पाला जेवायला घातलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी, स्लीपरच्या जबड्यातून थेट. टेरीच्या फासांत चटणी जाऊन बसली की शेंगदाण्याचं तेल पार आतपर्यंत उतरतं. धुवावं तर आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ते येईपर्यंत घराला टवाळप्पाचा वास येत होता.

पाणी आलं त्या पहाटे हिने त्याचे डोळे काढले, जबडे उसवले, सूत सोडवलं, त्याला खसाखसा धुतला आणि न्हाणीघराबाहेरच्या दोरीवर चिमटे लावून पालथा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कलकोटहून सासरे आले. उन्हात येऊन घामाघूम झालेले, थेट आंघोळीला गेले. चष्मा बाहेर खुर्चीवरच राहिला. थोड्या वेळाने न्हाणीघरातून प्रसन्न आवाज आला.

"जावईबापू, टावेल झ्याक हाय! पाठीला आतनं गादीबी हाय. पर ह्याला खिसा कशाला शिवून घेतलाव?"