तांदळाच्या डब्यातले मोबाईल

गोव्यातल्या फोंड्याच्या मावशीने परवा रात्री घरातले चारही मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यात पुरले. गजर वाजलाच नाही. पदेराचा (पाववाल्याचा) पोंगा ऐकून घर जागे झाले. कारण तोच जुना व्हॉट्सॲप निरोप: ‘आज रात्री १२.३० ते ३.३० मंगळावरून निघालेले वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार. मोबाईल अंगाजवळ ठेवू नका. नासाने सांगितले आहे.’ तारीख नाही, नुसते ‘आज रात्री’, म्हणून तो कधी शिळा होत नाही.

मावशीला म्हटले, आधी वेळेचे बघ. हे किरण चोवीस तास, चहूबाजूंनी येतात. १९१२ मध्ये शास्त्रज्ञ व्हिक्टर हेस बलूनमधून पाच किलोमीटरवर गेला, तर वर ते वाढलेले दिसले. सूर्यग्रहणात उडूनही पाहिले. कमी झाले नाहीत, म्हणजे ते सूर्याकडून येत नव्हते.

मंगळाचा संबंध शून्य. हे बहुतेक प्रोटॉन, आणि पुष्कळसे फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांतून सुटलेले.

‘पृथ्वीजवळून’ म्हणे! अगं, अंगातून जातात. हे प्रोटॉन वरच्या हवेवर आपटतात, त्यातून म्युऑन नावाचे कण जन्मतात. तळहात आडवा धर: मिनिटाला पन्नासहून जास्त म्युऑन आरपार जातात. कौले, चिऱ्याची भिंत, तांदूळ, काहीच त्यांना अडवत नाही. आणि मोबाईल त्यांना ओढून घेत नाही. त्याच्या रेडिओलहरींचा इथे काही संबंध नाही. (भिजलेला मोबाईल तांदळात ठेवणेही फारसे कामाचे नाही, पण तो वाद वेगळा.)

सूर्य मात्र खरोखर खोड्या काढतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सौरवादळाने वरचे वातावरण तापून फुगले, घर्षण वाढले आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक (इंटरनेट पुरवणाऱ्या) उपग्रहांपैकी बहुतेक खाली येऊन जळाले. मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हान्लेचे आकाश लाल झाले. झळ बसते ती उपग्रहांना, जीपीएसला, वीजवाहिन्यांना.

गोव्याचे तर नशीबच. दक्षिण भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. इथे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जवळपास आडव्या, त्यामुळे वरून येणारे कमी ऊर्जेचे कण बाजूला वळतात. ही ढाल जगात इतकी भक्कम फार थोड्या ठिकाणी आहे. अंटार्क्टिकावर ती बरीच विरळ. वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून तिथल्या मैत्री तळावर माणसे पाठवतात, आणि त्यातली काही वर्षभर राहून परत येतात.