दारूचं व्यसन हा आजार आहे, हे कायद्याने कधीच मान्य केलंय

'दारूच्या व्यसनाला आजार मानणारा कायदा करा' अशी मागणी अधूनमधून वाचायला मिळते. कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017, लागू 29 मे 2018 पासून. मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था धरल्या आहेत. घोडं अडलंय अंमलबजावणीत.

सुरुवात भरतीपासून. घरचे वैतागतात आणि 'टाका एकदाचा केंद्रात' म्हणून व्यसनमुक्ती केंद्राला फोन लावतात. रात्री गाडी येते, चार जण झोपलेल्या माणसाला उचलून नेतात. हे बेकायदा आहे. माणूस स्वतः तयार असेल तर तो स्वतःच्या सहीने दाखल होतो. तयार नसेल तर कलम 89 लागतं: त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा (उपचारांच्या निर्णयात त्याच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या माणसाचा) अर्ज, आणि त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघांनी स्वतंत्रपणे केलेली तपासणी. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच हवा. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, किंवा स्वतःची काळजी घेणंच अशक्य, असं काही दिसलं पाहिजे. 'रोज पितो' एवढं कारण पुरत नाही. मुदत जास्तीत जास्त 30 दिवस, आणि पुरुषाच्या भरतीची खबर सात दिवसांत, बाईच्या तीन दिवसांत, अशा भरतींवर नजर ठेवणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते.

केंद्राकडे नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. विनानोंदणी चालवल्यास पहिल्या वेळी दंड 5 ते 50 हजार. माझ्या मते हा फारच किरकोळ आहे, काही पेशंटच्या महिन्याच्या फीमध्ये वसूल होतो.

मग विचारा, पहिले चार दिवस डॉक्टर कोण बघणार? खरा घोळ इथेच होतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात. फिट आली तर बहुतेक पहिल्या 48 तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भास होतात: भिंतीवर किडे दिसतात, अंगावरची चादर चिमटीने ओढत बसतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत ते कळत नाही. हा डिलिरियम ट्रेमेन्स. उपचार नसतील तर माणूस दगावू शकतो. डॉक्टर नसलेल्या केंद्रात याला 'नाटकं' म्हणतात आणि बांधून घालतात. साखळीने बांधायला कलम 95 ने सरळ बंदी आहे.

उपचार महागडे नाहीत. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम ही शामक औषधं, लक्षणं बघून डोस, मग पाच ते दहा दिवसांत कमी करत बंद. लिव्हर फारच खराब असेल तर लोराझेपाम. आणि थायमिन, म्हणजे बी-1, इंजेक्शनने. 'अशक्त झालाय, ग्लुकोज चढवा' हा आपला लाडका इलाज इथे उलटू शकतो. शरीरात थायमिन आधीच तळाला गेलेलं असतं आणि ग्लुकोज पचवायला तेच लागतं. म्हणून थायमिन आधी, निदान बरोबर तरी. नाहीतर डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल अडखळते, गोंधळ उडतो, आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. (न सांगता जेवणात मिसळायच्या पुड्यांबद्दल एवढंच: त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि पेशंट वर दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो. हे औषध पेशंटला सांगून, शेवटच्या घोटानंतर किमान 12 तासांनीच सुरू करतात.)

आता पैसे. कलम 21 म्हणतं, विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं. पण विमा नियामकाने (IRDAI) 2019 मध्ये ठरवून दिलेल्या अपवादांच्या, म्हणजे पॉलिसीत न धरायच्या गोष्टींच्या, यादीत बारावा अपवाद आहे दारूच्या व्यसनाचे उपचार 'आणि त्याचे परिणाम'. त्यामुळे केसपेपरवर 'क्रॉनिक अल्कोहोलिक' एवढे दोन शब्द आले की लिव्हरचा क्लेमसुद्धा अडकतो. गंमत बघा, महाराष्ट्रात दारू पिण्याचा परवाना कागदोपत्री 'आरोग्य राखण्यासाठी' मिळतो!

क्लेम नाकारला तर कारण कलमासकट लेखी घ्या. आधी कंपनीकडे तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे कार्यालयं आहेत. पण लोकपाल पॉलिसीतला मजकूर धरूनच चालणार, आणि तो मजकूर नियामकाचा आहे. नव्या कायद्याची मागणी करणाऱ्यांनी आपली पत्रं या बाराव्या अपवादाविरुद्ध नियामकाला पाठवावीत.