पगारवाढ नको म्हणायला लावणारा कायदा

मागच्या वर्षी माझ्या मॅनेजरने माझा तासाचा दर २४ डॉलरवरून २६ डॉलर केला. मी तिचे आभार मानले आणि त्याच मीटिंगमध्ये विचारलं, आठवड्याचे माझे २५ तास आहेत ते २३ करता येतील का? ती क्षणभर गप्पच झाली. तिला वाटलं माझी तब्येत बरी नाही. तब्येत ठणठणीत होती, मी हिशेब करून आले होते.

तो हिशेब आधी सांगते, कारण तो कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

मी अंध आहे. रेटिनायटिस पिग्मेंटोसा, म्हणजे डोळ्यांच्या पडद्याचा विकार. नाशिकला शाळेत असताना संध्याकाळ झाली की मला दिसेनासं व्हायचं. अमेरिकेत आल्यावर बरीच वर्षं पूर्ण वेळ नोकरी केली, मग नजर इतकी आक्रसली की तेव्हाचं काम जमेना. सोशल सिक्युरिटी या सरकारी विमा योजनेचा डिसॅबिलिटी इन्शुरन्स (एसएसडीआय) सुरू झाला, महिन्याला साधारण दीड हजार डॉलरचा चेक. पुढे पांढरी काठी शिकले, स्क्रीन रीडर शिकले आणि पुन्हा कामाला लागले, अर्धवेळ. २०२५ साली अंध माणसासाठी कमाईची मर्यादा होती महिन्याला २,७०० डॉलर. तेवढ्यापर्यंत कमावलं तर चेक पूर्ण मिळतो. त्याच्या वर थोडंसं जरी गेलं तरी आख्खा चेक जातो.

२६ डॉलरने २५ तास धरले तर महिन्याला सरासरी २,८१६ होतात, मर्यादेच्या ११६ डॉलर वर. आधी पगाराचे २,६०० आणि चेकचे १,५०० मिळून घरात ४,१०० यायचे. तास तेच ठेवून वाढ घेतली असती तर २,८१६ आले असते. २१६ डॉलरच्या वाढीपायी १,५०० गेले असते. पुन्हा ४,१०० वर यायचं तर पगारच ४,१०० हवा, आणि अर्धवेळ माणसाचा पगार एका दमात तिथे पोचत नाही. २,७०० आणि ४,१०० यांच्या मधल्या प्रत्येक पगारावर माणूस आधीपेक्षा गरीब होतो.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, देत होते तर घ्यायची ना वाढ. नाही म्हणणं बरं दिसतं का?" मी म्हटलं, "आई, वाढ घेतलीच आहे, तास कमी केलेत. नाहीतर भाडं कुठून भरू?" तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही. तिचं काही चुकत नाही. कष्ट करणाऱ्याला कष्ट कमी कर म्हणणारा नियम कुणाच्या आईला पटेल?

आता जाणकार म्हणतील की चेक असा एका रात्रीत बंद होत नाही. बरोबर आहे. आधी नऊ महिन्यांचा ट्रायल वर्क पीरियड असतो, त्यात कितीही कमावलं तरी चेक मिळतो. नंतर ३६ महिने असे असतात की कमाई मर्यादेच्या आत राहील त्या महिन्याचा चेक मिळतो. अंधत्वामुळे कामासाठी करावा लागणारा काही खर्च कमाईतून वजाही करता येतो. मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा बरीच वर्षं पुढे चालू राहतो, आणि नोकरी सुटली तर पाच वर्षांच्या आत चेक पुन्हा सुरू करण्याचा सोपा मार्ग १९९९ च्या तिकीट टू वर्क कायद्याने दिला आहे. या सगळ्यासाठी पूर्वी कुणीतरी भांडलं आहे आणि मी त्यांची ऋणी आहे. पण ट्रायलचे नऊ महिने संपले की पुढे तोच कडेलोट आहे. शिवाय कमाईचा आढावा उशिरा झाला तर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी पत्र येतं की तुम्हाला जास्त पैसे दिले गेले, परत करा. ज्यांच्याकडे अशी हजारो डॉलरची पत्रं आली आहेत ते पुन्हा कामाचं नाव काढायला घाबरतात. मी त्यांना आळशी म्हणू शकत नाही.

ही मर्यादा कुठून आली, हा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो.

१९७७ साली अमेरिकन काँग्रेसने अंधांची मर्यादा ६५ वर्षांवरच्या निवृत्तांच्या कमाईच्या मर्यादेला जोडली. पेन्शन घेत असताना ज्येष्ठ माणूस जेवढं कमावू शकतो तेवढंच अंध माणसानेही कमवावं, असं ते साधं सूत्र होतं. जवळजवळ वीस वर्षं दोन्ही आकडे बरोबरीने वाढले. १९९६ पर्यंत अंधांचा आकडा महिन्याला ९६० डॉलरवर आला होता. त्या वर्षी मार्चमध्ये नवा कायदा झाला. ज्येष्ठांची मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवत २००२ पर्यंत वर्षाला ३०,००० डॉलरवर न्यायची असं ठरलं, आणि त्याच कायद्यात अंधांना या जोडीतून बाहेर काढलं. २००२ उजाडलं तेव्हा ज्येष्ठांचा आकडा महिन्याला २,५०० झाला होता आणि आमचा १,३००.

त्याच्याही आधी, २००० साली, पूर्ण निवृत्तीचं वय गाठलेल्या ज्येष्ठांसाठी तर मर्यादाच काढून टाकली. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांतलं मतदान बघा: हाउसमध्ये ४२२ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये १०० विरुद्ध शून्य. एकाही माणसाने विरोध केला नाही, कारण म्हाताऱ्या माणसाला काम करायचं असेल तर सरकारने त्याला शिक्षा करू नये हे सगळ्यांना पटलं. मलाही पटतं. मग तेच तत्त्व चाळिशीतल्या अंध बाईला का लागू होत नाही, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. सिनेटर जॉन मॅकेन यांनी ज्येष्ठांसाठी जोर लावला होता आणि नंतर अंधांची तुटलेली जोडी परत जुळवायचं विधेयकही मांडलं, पण ते पुढे सरकलं नाही. ज्येष्ठांची मतं कोट्यवधी आहेत आणि आम्ही थोडे आहोत, यापलीकडे मला तरी कारण दिसत नाही.

जुन्या जोडीतला ज्येष्ठांचा आकडा एका कोपऱ्यात अजून जिवंत आहे. ज्या वर्षी माणूस पूर्ण निवृत्तीचं वय गाठतो, त्या वर्षीच्या त्याआधीच्या महिन्यांना तो लागतो. २०२५ साली तो होता ६२,१६० डॉलर, म्हणजे महिन्याला ५,१८०. १९७७ ची जोडी टिकली असती तर त्या वर्षी माझी मर्यादा तीच असती. २,७०० च्या जागी ५,१८०. मला तास कमी करून मागावे लागले नसते, आणि त्या दोन तासांवरचा करही सरकारला मिळाला असता.

आता मागणी काय आहे ते सांगते. गेल्या काही वर्षांत 'ब्लाइंड अमेरिकन्स रिटर्न टू वर्क ॲक्ट' नावाचं विधेयक काँग्रेसपुढे आणलं गेलं आहे. त्यात जुनी जोडी परत मागितलेली नाही. मागणी अशी की मर्यादेच्या वर कमावलेल्या प्रत्येक दोन डॉलरमागे चेकमधून एक डॉलर कमी करा. माझ्या आकड्यांत बसवून बघा: २,८१६ कमावले, मर्यादेच्या वर ११६, चेकमधून ५८ गेले. चेक १,४४२ आणि एकूण ४,२५८. मी जास्त काम केलं, घरात जास्त आलं, सरकारचे ५८ डॉलर वाचले. पुढे पगार वाढत गेला की चेक आपोआप शून्यावर येईल आणि तेव्हा मला त्याची गरजही नसेल.

हे सूत्र नवीन नाही. निवृत्तीच्या पूर्ण वयाआधी पेन्शन घेणाऱ्यांना सोशल सिक्युरिटी आजही हेच लावते: २०२५ साली वर्षाला २३,४०० च्या वर दोन डॉलरमागे एक कपात. गरिबांसाठीच्या एसएसआय योजनेतही पहिले काही डॉलर सोडून पगाराचा निम्माच भाग धरतात. त्यामुळे 'हे राबवायला फार किचकट आहे' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. त्याच खात्याला हे गणित रोज करायची सवय आहे.

वॉशिंग्टनला जाऊन हेच सांगायचं असतं. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही १९४० साली जेकोबस टेनब्रूक नावाच्या अंध कायदेपंडिताच्या पुढाकाराने सुरू झालेली संघटना. तिचे लोक दर हिवाळ्यात देशभरातून राजधानीत जमतात आणि राज्याराज्याचे गट करून आपापल्या खासदारांच्या ऑफिसात जातात. मी आमच्या राज्याच्या गटाबरोबर जाते. खासदारांची ऑफिसं असलेल्या रेबर्न बिल्डिंगच्या दारात सिक्युरिटीच्या पट्ट्यावर बॅगा आणि कोट जातात, आणि पलीकडे सगळे आपापली वस्तू हाताने चाचपून ओळखत असतात. मग संगमरवरी कॉरिडॉर. तिथे एकाच वेळी तीस-चाळीस काठ्या वाजायला लागल्या की आवाज छतापर्यंत घुमतो. ऑफिसांतून लोक बाहेर डोकावतात, कुणीतरी विचारतं कुठलं ऑफिस हवंय, आणि आमच्यातलं कुणीतरी दाराशेजारच्या पाटीवरचा ब्रेल वाचून सांगतं, "पुढचं."

खासदार स्वतः भेटतातच असं नाही. बहुतेक वेळा पंचविशीतला एखादा लेजिस्लेटिव्ह असिस्टंट भेटतो. पंधरा मिनिटं. कधी खुर्च्या नसतात म्हणून बैठक कॉरिडॉरमध्येच होते. आपण आमदाराला निवेदन देतो, हार-फोटो होतो, तसलं तिथे काही नसतं. तो मुलगा कीबोर्डवर टिपणं घेतोय हे ऐकू येतं आणि त्या आवाजावरूनच मला कळतं की आपलं बोलणं पोचतंय की नाही. मी 'सबलीकरण', 'प्रतिष्ठा' असलं काही बोलत नाही. २,६००, २,८१६, ४,१००. आकडे सांगितले की कीबोर्ड जोरात वाजतो. एका मुलीने तर मला थांबवून विचारलं, "म्हणजे तुम्ही जास्त कमावल्यावर तुमचं उत्पन्न कमी होतं?" तिने तोच प्रश्न स्वतःशी पुन्हा म्हटला. सोशल सिक्युरिटीचा विषय ज्या वेज अँड मीन्स कमिटीकडे असतो, तिच्या सदस्यांना असा प्रश्न शेकडो ऑफिसांतून गेला तरच काही हलेल.

आमच्या विरोधात एक खरा मुद्दा आहे आणि तो लपवणं मला बरोबर वाटत नाही. दोनामागे एक कपातीचा प्रयोग सोशल सिक्युरिटीने २०११ पासून काही भागांत मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. लोकांची सरासरी कमाई त्यातून फारशी वाढली नाही. खर्चाची काळजी असलेली ऑफिसं हा अहवाल पुढे करतात. माझं म्हणणं असं, की त्या प्रयोगात सगळ्या प्रकारचे लाभार्थी होते, त्यात गंभीर आजारी माणसंही होती, ज्यांना कुठल्याही सूत्राने काम झेपणार नाही. अंधत्व हा आजार नाही. मला ताप नसतो, थकवा नसतो; योग्य साधनं दिली की मी आठ तास बसून काम करते. शिवाय काही वर्षांपुरत्या प्रयोगाच्या भरवशावर कुणी आयुष्याचे निर्णय बदलत नाही. कायदा असेल तर बदलेल.

इतर अपंग मित्र दुसरा प्रश्न विचारतात आणि तो मला जास्त बोचतो. २०२५ साली त्यांची मर्यादा फक्त १,६२० डॉलर होती. तुम्हालाच जास्त का? मी त्यांना सांगते, १९७७ ला आमच्यासाठी कुणीतरी भांडलं म्हणून. तुमचीही वाढली पाहिजे आणि तुमच्यासाठी मी त्याच कॉरिडॉरमध्ये उभी राहीन. पण आमची खाली आणून बरोबरी करू नका.

आता आपल्या मराठी मंडळींशी थोडं. पॉटलकमध्ये "आपल्या टॅक्सवर हे लोक बसून खातात" हे वाक्य मी माझ्यासमोर ऐकलं आहे, चांगल्या, शिकलेल्या, प्रेमळ माणसांच्या तोंडून. तुमच्या पे-स्टबवर ओएएसडीआय अशी ओळ असते ना, ६.२ टक्के कापलेली? एच-वन-बीवर आहात तरी कापतात. त्यातलं शेवटचं डीआय म्हणजे डिसॅबिलिटी इन्शुरन्स. मी तो हप्ता पूर्ण वेळ नोकरीच्या काळात भरला आणि अर्धवेळ पगारातूनही भरते आहे. हा विमा आहे. आपल्या घराघरांत मधुमेह आहे आणि त्याने डोळे जातात, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. उद्या तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर मर्यादेचा हाच कडा तुमच्या पुढ्यात असेल.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटलं असेल. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं. तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर आकडा थोडा वर गेला की अर्ज बाद. घरातला भाऊ कमवायला लागला तर अंध बहिणीचे पैसे जावेत, हा हिशेब मला इथल्यापेक्षाही कठोर वाटतो. त्यावर तिथल्या लोकांनी लिहायला हवं. मी वाचेन आणि शेअर करेन.

अमेरिकेत राहणाऱ्यांना एक विनंती. कॅपिटॉलचा स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१. फोन लावा, आपलं राज्य सांगा, आपल्या खासदाराचं ऑफिस मागा. नागरिक नसलात तरी त्या मतदारसंघात राहता, तुमचा फोन घेतात. नाव आणि झिप कोड द्या आणि एवढंच म्हणा: एसएसडीआय घेणाऱ्या अंध लोकांसाठी दोनामागे एक कपात आणणाऱ्या विधेयकाला पाठिंबा द्या, सहप्रायोजक व्हा. दोन मिनिटं लागतात. बोलायला संकोच वाटत असेल किंवा समोरच्याने उलट प्रश्न विचारला तर काय सांगायचं हे हवं असेल, तर मला मेसेज करा. व्हॉइस मेसेज केलात तर उत्तम. संध्याकाळी सातनंतर, ईस्टर्न टाइम, मी मोकळी असते.